उंबरठ्याच्या आतला रुग्ण

१९९५-९६ या वर्षात गडचिरोली जिल्ह्यातल्या ३९ गावांमध्ये जन्मलेल्या ७६३ बाळांची पहिल्या दिवसापासून अठ्ठाविसाव्या दिवसापर्यंत घरी जाऊन तपासणी आणि नोंद केली गेली. शंभरातली ९५ बाळे घरीच जन्मली होती. ५४.४ टक्के बाळांना वैद्यकीय मदतीची गरज होती. ती मिळाली २.६ टक्के बाळांना. बाकीची बाळे जगली ती आपल्या बळावर, आणि जी गेली त्यांची नोंद कोणत्याही दवाखान्याच्या केसपेपरवर नव्हती, कारण ती दवाखान्यात कधी पोहोचलीच नव्हती.

रुग्णसेवा सुधारायची म्हटले की डोळ्यांसमोर येतात त्या नव्या इमारती, वाढीव खाटा, महागडी यंत्रे. हे सगळे लागतेच. पण त्या सुधारणेचा लाभ दवाखान्याच्या दारात आलेल्यालाच मिळतो. जो रुग्ण घराचा उंबरठाच ओलांडत नाही, त्याची सेवा कशी सुधारायची? या प्रश्नाचे एक उत्तर महाराष्ट्राच्या पूर्व टोकाला असलेल्या या जंगलबहुल जिल्ह्यात शोधले गेले, मोजूनमापून तपासले गेले आणि पुढे देशाच्या आरोग्यधोरणात आले.

गडचिरोली जिल्हा १९८२ मध्ये चंद्रपूरपासून वेगळा झाला. त्यानंतर थोड्याच वर्षांत डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग तिथे कामाला गेले. दोघांचे वैद्यकीय शिक्षण नागपूरचे; पुढे अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात त्यांनी सार्वजनिक आरोग्याचा अभ्यास केला. अभय बंग वर्ध्याच्या गांधीवादी घरात वाढलेले. परत आल्यावर मोठ्या शहरातली संशोधनसंस्था न निवडता त्यांनी ‘सर्च’ ही स्वतःची संस्था गडचिरोलीत उभी केली. संशोधन जिथे प्रश्न आहे तिथे व्हावे, हा त्यामागचा विचार. साधा वाटतो, पण आपल्याकडे फार थोड्यांनी तो अमलात आणला आहे.

पहिला धडा मात्र त्यांना गावकऱ्यांनीच दिला. सुरुवातीच्या काळात त्यांनी आदिवासींमधल्या सिकलसेल आजाराचा अभ्यास केला. शास्त्राच्या दृष्टीने ते काम मोलाचे होते. पण लोकांच्या मनातली निकड वेगळीच होती. डॉक्टरला महत्त्वाचा वाटणारा आजार आणि रुग्णाला छळणारा आजार एकच असतो असे नाही, हे त्यांच्या लक्षात आले. तेव्हापासून आधी विचारायचे, मग करायचे, ही रीत पडली.

दवाखाना बांधतानाही तसेच झाले. आदिवासींना दवाखान्यात का यावेसे वाटत नाही, हे त्यांनाच विचारले गेले. उत्तरे कुणालाही विचार करायला लावतील अशी होती. मोठ्या इमारतीत जीव घाबरतो. नातेवाइकांना बाहेर ठेवतात आणि आजारी माणूस एकटा पडतो. डॉक्टर-नर्स पांढरे कपडे घालतात, आणि पांढऱ्या कपड्यात तर मेलेल्या माणसाला गुंडाळतात. शिवाय तिथे देव नसतो. म्हणून धानोरा तालुक्यात चातगावजवळ ‘शोधग्राम’ वसवले तेव्हा तिथला दवाखाना गोंडी वस्तीसारखा, सुट्या झोपड्यांचा झाला. नातेवाइकांना रुग्णाबरोबर राहायची सोय झाली आणि दवाखान्याला आदिवासींच्या देवीचे, मा दंतेश्वरीचे नाव मिळाले. देवीची जत्रा भरू लागली आणि त्या निमित्ताने गावोगावचे प्रतिनिधी एकत्र बसून आरोग्याचे प्रश्न मांडू लागले. रुग्णाच्या भीतीला अडाणीपणा न म्हणता ती दवाखान्याच्या रचनेतली त्रुटी मानणे, हा या कामातला कळीचा बदल आहे. पुढचे शोध त्याच वृत्तीतून आले.

स्त्रियांच्या आजारांबाबत डॉ. राणी बंग यांनी केलेली पाहणी त्याच काळातली. दोन गावांतल्या ६५० स्त्रियांची तपासणी झाली आणि ९२ टक्के स्त्रियांना स्त्रीरोग किंवा लैंगिक आजार असल्याचे आढळले. त्याआधी अशी तपासणी झालेल्या स्त्रिया अवघ्या ८ टक्के होत्या. १९८९ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात हा अभ्यास प्रसिद्ध झाला, तोपर्यंत गावातल्या बाईचे आरोग्य म्हणजे गर्भारपण, बाळंतपण आणि कुटुंबनियोजन एवढेच धरले जाई. दुखणे अंगावर काढणाऱ्या बायका कोणत्याही आकडेवारीत नव्हत्या. त्याही उंबरठ्याच्या आतल्याच रुग्ण.

लहान मुलांचे मृत्यू मोजायला घेतले तेव्हा न्युमोनिया हे मोठे कारण समोर आले. ग्रामीण भागात त्याला ‘डब्बा’ म्हणतात. पोट उडते, छाती आत ओढली जाते, बाळ धापा टाकते. औषध साधे आणि स्वस्त होते, को-ट्रायमॉक्साझोल. अडचण होती ती ओळखण्याची. सर्दी-खोकला सगळ्याच मुलांना होतो. त्यातला न्युमोनिया कोणता? स्टेथोस्कोप आणि एक्स-रे गावात नाहीत. पण आजाराची एक खूण उघड्या डोळ्यांना दिसते, ती म्हणजे श्वासाचा वेग. दोन महिन्यांच्या आतले बाळ मिनिटाला ६० किंवा त्याहून जास्त श्वास घेत असेल, किंवा त्याहून मोठे तान्हे मूल ५० किंवा त्याहून जास्त, तर न्युमोनिया समजून उपचार सुरू करायचे.

गावात बाळाजवळ पहिल्यांदा पोहोचणारी बाई म्हणजे दाई, आणि बहुतेक दायांना दहा-बारापलीकडे मोजता येत नव्हते. इथे थांबून ‘आधी साक्षरता, मग आरोग्य’ असे म्हणता आले असते. त्याऐवजी मोजण्याचे साधन बदलले गेले. लाकडी पट्टीवर एका मिनिटाची वाळूची घडी बसवली आणि शेजारी तारेत मणी ओवले. घडी उलटी करायची, बाळाच्या पोटाकडे पाहायचे, दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. वाळू संपायच्या आत शेवटचा, लाल मणी सरकवायची वेळ आली तर न्युमोनिया. दहापर्यंत मोजता आले की पुरे. लहान बाळांसाठी मण्यांची एक ओळ, त्याहून मोठ्यांसाठी दुसरी. हे ‘श्वासमापक’ वापरणाऱ्या दाईला आकडे लिहिता यावे लागत नाहीत, वाचताही यावे लागत नाहीत.

१९८८ मध्ये सुमारे शंभर गावांत याचा प्रयोग सुरू झाला. काही गावांत आरोग्यसेवक आणि दायांनी न्युमोनिया ओळखून घरीच औषध द्यायचे, बाकी गावांत नेहमीची सरकारी सेवा सुरू ठेवायची, अशी योजना होती. १९९० मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आलेल्या निष्कर्षांनुसार, उपचार मिळालेल्या गावांत न्युमोनियाने होणारे बालमृत्यू ५४ टक्क्यांनी कमी होते. उपचार केलेल्या मुलांपैकी दगावणारी मुले एक टक्क्याहूनही कमी होती. दायांनी केलेले उपचार इतर सेवकांच्या उपचारांपेक्षा कमी ठरले नाहीत.

तरीही एक टोचणी राहिली. मोठी मुले वाचू लागली. पण जन्मल्यापासून पहिल्या महिन्यातली बाळे त्या प्रमाणात वाचत नव्हती. तोवर मानले जात होते की नवजात बाळाची काळजी हे इनक्युबेटर, सलाईन आणि बालरोगतज्ज्ञ यांचे काम आहे. गडचिरोलीतल्या गावात यातले काहीच नव्हते. शिवाय सुतक, नजर, वाऱ्याची भीती, वाटखर्च, दूरचे अंतर आणि पावसाळ्यात तुटणारे रस्ते यांमुळे बाळ-बाळंतीण घराबाहेर पडत नसत. अंधारी, धुराने भरलेली खोली हाच बाळाचा अतिदक्षता विभाग होता.

मग सेवाच त्या खोलीत न्यायची ठरली. ३९ गावांतून प्रत्येकी एक बाई निवडली गेली. पाचवी ते दहावीच्या दरम्यान शिकलेली, त्याच गावात राहणारी, रात्री हाक मारली तर येऊ शकणारी. तिला नाव मिळाले ‘आरोग्यदूत’. दाईला बाजूला सारले गेले नाही, ही गोष्ट नीट लक्षात घेण्यासारखी आहे. बाळंतपण दाईनेच करायचे, आणि बाळ बाहेर येताच त्याच्याकडे पाहणारे दुसरे दोन हात आरोग्यदूताचे. सामान्यतः घरच्या बाळंतपणात वार पडेपर्यंत सगळ्यांचे लक्ष आईकडे असते. त्या काही मिनिटांत न रडलेले, न हललेले बाळ जमिनीवर पडून राहते. श्वास न घेणाऱ्या बाळासाठी तीच मिनिटे निर्णायक असतात.

आरोग्यदूताच्या पिशवीत फार काही नव्हते. थर्मामीटर, झोळीचा वजनकाटा, बाळाच्या तोंडातला चिकट स्राव ओढून घेण्याची नळी, श्वास देण्यासाठी मास्क आणि पिशवी, थंड पडलेल्या बाळासाठी उबदार झोपण्याची पिशवी, थोडी औषधे आणि नोंदीचा कागद. जन्माच्या वेळी हजर राहायचे, मग ठरलेल्या दिवसांना घरी जायचे आणि बोलावणे आले तर केव्हाही जायचे. स्तनपान लगेच सुरू झाले का, बाळाला अंघोळ घालून गार तर पाडले नाही ना, वजन वाढते आहे का, हे पाहायचे आणि आईला सांगायचे.

सर्वांत अवघड काम होते जंतुदोष ओळखण्याचे. नवजात बाळाच्या रक्तात जंतू पसरले तर ते तासांत हातचे जाते, आणि रक्ततपासणी गावात शक्य नाही. म्हणून मुंबई-पुण्याच्या रुग्णालयात जे प्रयोगशाळा सांगते ते इथे काही साध्या खुणांवरून शोधायचे ठरले. आधी नीट रडणारे बाळ क्षीण रडू लागणे किंवा रडणे थांबणे, आधी चांगले पिणाऱ्या बाळाने पिणे कमी करणे, सुस्ती, अंग तापणे किंवा गार पडणे, बेंबीत किंवा कातडीवर पू, पोट फुगणे किंवा सतत उलट्या-जुलाब, कण्हणे किंवा छाती जोराने आत ओढली जाणे. या सातपैकी कोणत्याही दोन एकाच वेळी दिसल्या तर जंतुदोष धरायचा. यातल्या पहिल्या दोन खुणा आईच ओळखते. आपले बाळ काल कसे रडत होते हे तिच्याइतके कुणालाच माहीत नसते, आणि तिच्या त्या जाणिवेला इथे निदानात जागा मिळाली.

उपचार होता तोंडाने द्यायचे औषध आणि जेंटामायसिनचे इंजेक्शन. वादाचा मुद्दा हाच होता. आठवी शिकलेल्या बाईने दोन किलोच्या बाळाला सुई टोचायची? शंका रास्त होती, आणि ती झटकून न टाकता तिच्याभोवती काम रचले गेले. पहिल्या वर्षी आरोग्यदूतांनी फक्त निरीक्षण, नोंद आणि साधी काळजी यांवर हात बसवला. जंतुदोषाचे उपचार दुसऱ्या वर्षी जोडले गेले, आणि तिसऱ्या वर्षी गर्भवती व मातांचे आरोग्यशिक्षण. प्रत्येक वेळी पालकांना आधी बाळाला रुग्णालयात नेण्याचा सल्ला दिला जाई. ते शक्य नसेल तरच त्यांच्या लेखी संमतीने घरी इंजेक्शन दिले जाई. शिक्षण कमी असलेल्या बाईला कमी अचूकतेची मुभा दिली नव्हती. उलट तिचे काम पुन्हा पुन्हा तपासले जाई, आणि जन्म-मृत्यूच्या नोंदी वेगळी माणसे वेगळ्या मार्गाने घेत, म्हणजे उपचार करणाऱ्यानेच आपल्या यशाचा हिशेब लिहायचा असे होऊ नये.

१९९९ मध्ये ‘लॅन्सेट’ने निष्कर्ष छापले. सेवेच्या तिसऱ्या वर्षी या ३९ गावांत दर हजार जिवंत जन्मांमागे नवजात मृत्यू २५.५ होते, तुलनेच्या ४७ गावांत ५९.६. सुरुवातीच्या फरकाचा हिशेब धरून घट ६२ टक्के. जंतुदोष झालेल्या बाळांपैकी आधी १६.६ टक्के दगावत, उपचार सुरू झाल्यावर २.८ टक्के. एका बाळामागचा खर्च ५.३ डॉलर आला आणि सरासरी अठरा बाळांच्या काळजीमागे एक मृत्यू टळला.

पुढे २००३ पर्यंतची आकडेवारी तपासली गेली आणि मृत्यू नेमके कशामुळे घटले याची फोड झाली. घटीतला ३६ टक्के वाटा जंतुदोषाच्या उपचारांचा होता. त्याच्या अगदी जवळ, ३४ टक्के, वाटा कमी वजनाच्या बाळांच्या साध्या काळजीचा होता. गुदमरलेल्या बाळांना श्वास देण्याचा वाटा १९ टक्के. इंजेक्शनवर सर्वाधिक चर्चा झाली. पण ऊब, आईचे दूध आणि वारंवार घरी येणारी जाणती बाई यांनी जवळपास तेवढेच जीव वाचवले. वेळेआधी जन्मलेल्या बाळांमधले मृत्यू ३३.३ टक्क्यांवरून १०.२ टक्क्यांवर आले. जन्मताच जिवावर बेतण्याइतके गुदमरलेल्यांमध्ये ३९ टक्क्यांवरून २० टक्क्यांवर. अशी अर्धवट दिवसांची, मुठीएवढी बाळे गावातल्या घरात जगू शकतात, हे त्याआधी फार थोड्या डॉक्टरांनी मानले असते.

या कामातले नेतृत्व कशात होते, हे नेमके सांगायला हवे. वैद्यकीय ज्ञानाची रचना उतरंडीसारखी असते. वरच्याने ठरवायचे, खालच्याने वजन करायचे आणि कागद भरायचे. बंग दांपत्याने एकेक कौशल्य सुटे केले, त्यातला नेमका कठीण भाग कोणता हे शोधले, तो सोपा करणारे साधन किंवा नियम घडवला आणि मग ते कौशल्य रुग्णाच्या सर्वांत जवळच्या माणसाकडे सोपवले. मण्यांची पट्टी आणि सातपैकी दोन खुणांचा नियम ही त्याचीच रूपे. डॉक्टरच्या हातातले अधिकार कमी करणारे नवे संशोधन डॉक्टरनेच करावे, याला मनाचा मोठेपणा लागतो. त्याचबरोबर निकाल चुकला तर तो जगासमोर येईल अशा कडक पद्धतीने तपासायची तयारी लागते. सद्भावनेवर चालणारे अनेक उपक्रम इथेच मागे पडतात. किती मृत्यू झाले हे ते मोजत नाहीत.

मोजण्याच्या या आग्रहाने महाराष्ट्रालाही आरसा दाखवला. २००१ मध्ये राज्यातल्या अनेक स्वयंसेवी संस्थांनी मिळून ‘कोवळी पानगळ’ हा अहवाल काढला. गावे आणि झोपडपट्ट्यांत प्रत्यक्ष मोजलेले बालमृत्यू सरकारी नोंदींपेक्षा फार जास्त आहेत, असे त्यात दाखवले होते. त्याची विधिमंडळात आणि वृत्तपत्रांत चर्चा झाली, आणि बालमृत्यू हा केवळ मेळघाटासारख्या आदिवासी भागाचा विषय राहिला नाही. ‘अंकुर’ या प्रकल्पातून राज्यातल्या सात संस्थांनी ग्रामीण, आदिवासी आणि शहरी वस्त्यांमध्ये घरोघरी नवजात बालसेवेचा प्रयोग केला. म्हणजे ही पद्धत शोधग्रामबाहेरही चालते का, याची परीक्षा झाली.

देशाबाहेर बांगलादेशातल्या सिल्हेट भागात अशाच घरभेटींचा मोठा अभ्यास झाला. २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्याच्या निष्कर्षात नवजात मृत्यूंत ३४ टक्के घट दिसली. २००९ मध्ये जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांनी जन्मानंतरच्या घरभेटींची संयुक्त शिफारस केली. भारत सरकारने २०११ मध्ये ‘घरोघरी नवजात बालसेवा’ हा कार्यक्रम देशभर ‘आशा’ या गावातल्या आरोग्य कार्यकर्त्यांमार्फत सुरू केला.

आज दवाखान्यात जन्मलेल्या बाळाकडे आशा तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी जाते. घरी जन्मलेल्या बाळाकडे पहिल्या दिवशीही. सगळ्या भेटी पूर्ण झाल्या की तिला २५० रुपये मिळण्याची तरतूद कार्यक्रमात केली गेली. म्हणजे एका भेटीमागे साधारण चाळीस रुपये. गडचिरोलीत या सेवेला मिळणारे खडतर प्रशिक्षण, जवळची देखरेख आणि वेळेवर औषध यांचा भार मोठ्या यंत्रणेत तितका पेलला जात नाही. जंतुदोषाच्या इंजेक्शनचे काम राष्ट्रीय कार्यक्रमात आशाकडे आले नाही. २०१४ मध्ये सरकारने ठरावीक परिस्थितीत ते देण्याची परवानगी एएनएमना, म्हणजे उपकेंद्रातल्या परिचारिकांना दिली. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ मध्ये रुग्णालयात नेणे शक्य नसलेल्या आजारी बाळांवर समाजातच सोप्या पद्धतीने प्रतिजैविकांचे उपचार करण्याची मार्गदर्शक तत्त्वे दिली, तेव्हा गडचिरोलीतला मूळ विचार जगभर मान्य झाल्यासारखा होता.

दरम्यान परिस्थितीही बदलली. २००५ च्या जननी सुरक्षा योजनेनंतर दवाखान्यातली बाळंतपणे झपाट्याने वाढली, जिल्हा रुग्णालयांत नवजात बाळांसाठी विशेष कक्ष उभे राहिले. २०२० मध्ये देशातला नवजात मृत्युदर हजारी २० वर आला होता. यात रस्ते, १०८ रुग्णवाहिका, लसीकरण, मुलींचे शिक्षण अशा कितीतरी गोष्टींचा हात आहे. सगळे श्रेय घरभेटींना देणे योग्य नाही. पण दवाखान्यात बाळंत झालेली बाई बहुधा दोन-तीन दिवसांत घरी परतते. नवजात मृत्यूंपैकी सुमारे तीन-चतुर्थांश पहिल्या आठवड्यात होतात. त्या आठवड्याचा मोठा भाग आणि उरलेला महिना बाळ घरीच असते, वजन कमी असले तरी आणि थंडीचे दिवस असले तरी.

२०१८ मध्ये या भेटी पुढे वाढवल्या गेल्या. आशा आता बाळ तीन, सहा, नऊ, बारा आणि पंधरा महिन्यांचे झाल्यावरही घरी जाते, वरचा आहार सुरू झाला का ते विचारते, वजनाच्या तक्त्यावर खूण करते आणि लोहाचे औषध देते.